सर ह्यू रॉबर्टन

स्कॉटलंडमध्यें स्टर्लिंग, पर्थ यांसारखीं कित्येक जुनीं नगरें आहेत. राजांच्या व लढायांच्या आठवणी तेथें पावलोपावलीं आढळतात. परंतु त्या देशाची आणखी एक रीत आहे. ती म्हणजे गायनाचे उत्सव. आसपासच्या गांवांतून गायकवृंद जमतात. त्यांत शाळेंतील मुलें असतात, दुकानदार व सुतार असतात, घरसंसार करणाऱ्या बायाही असतात. गेलिक भाषेचा ‘मॉड’ नांवाचा उत्सव १८९२ सालीं ओबान येथें प्रथम भरला. तेव्हांपासून तो गांवोगांव फिरत आला असून २०२२ सालीं पर्थ येथें भरला होता. सामान्य माणसांच्या अशा सामुदायिक गायनास ज्यांनीं कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यांत सर ह्यू रॉबर्टन यांचें नांव अग्रगण्य आहे.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७४ रोजीं ग्लासगो शहरीं झाला. क्लाइड नदीच्या कांठचें तें शहर त्या काळीं जहाजांच्या कारखान्यांनीं गजबजलेलें होतें. रॉबर्टन यांचा व्यवसाय मोठा चमत्कारिक होता. मृतांच्या अंत्यविधीची सर्व व्यवस्था करून देणें, हा त्यांच्या घराण्याचा धंदा. दिवसा शवपेटिकांचा हिशेब आणि सायंकाळीं गायन, असा त्यांचा क्रम असे. संगीताचें शिक्षण त्यांनीं बहुतांशीं स्वतःचें स्वतःच संपादन केलें. ह्या दोहोंत विरोध वाटतो खरा. पण शोक करणाऱ्या माणसांशीं ज्यास नित्य हळू आवाजांत बोलावें लागतें, त्यास सौम्य स्वराची किंमत इतरांहून अधिक कळत असावी, असें मला वाटतें.

स्कॉटलंडच्या मंडळ्यांत पूर्वीं फार काळ ऑर्गन नव्हता. स्तोत्रें नुसत्या कंठानें गात असत, आणि एक अग्रगायक पुढें उभा राहून सूर देई. पुढें टॉनिक सोल्फा ही पद्धति आली. आपल्या सा-रे-ग-म प्रमाणें डो-रे-मी ह्या अक्षरांवरून गाणें शिकवितां येऊं लागल्यामुळें, ज्यास विलायती स्वरलेखन कधींच वाचतां आलें नसतें अशा मजुरासही चार आवाजांच्या गाण्यांत आपला भाग उचलतां येऊं लागला. जमीन अशी तयार होती. उणीव होती ती चांगल्या माळ्याची.

१९०१ सालीं ग्लासगोच्या टॉयनबी हाउस नामक समाजसेवागृहांत एक लहानसा गायकवृंद चालला होता. त्याचें पुढारीपण रॉबर्टन यांजकडे आलें. १९०६ सालीं तो स्वतंत्र झाला व त्यानें ‘ग्लासगो ऑर्फियस क्वायर’ हें नांव धारण केलें. ऑर्फियस हा ग्रीक पुराणांतला गवई. त्याचें गाणें ऐकून वृक्ष व पाषाणही डोलूं लागत, अशी कथा आहे. ह्या वृंदांतील मंडळी हौशी होती. दिवसभर आपापला कामधंदा करून तीं सायंकाळीं तालमीस येत. रॉबर्टन यांची शिस्त कडक होती. एकाही कंठानें इतरांहून वर डोकें काढतां कामा नये, प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोंचला पाहिजे, आणि सूर कितीही बारीक झाला तरी त्यांतला प्राण जातां कामा नये, हा त्यांचा आग्रह. मोठ्यानें गाणें कोणासही साधतें; शंभर माणसांनीं मिळून कुजबुजल्याप्रमाणें गाणें हें दुर्मिळ, आणि ह्याच गुणामुळें ऑर्फियसची कीर्ति झाली. ग्लासगोचा सेंट अँड्र्यूज हॉल त्यांच्या जलशांस भरून जाई. पुढें ही मंडळी अमेरिका व कॅनडा येथेंही गाऊन आली, आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांनीं त्यांचा आवाज देशोदेशीं नेला. १९३१ सालीं रॉबर्टन यांस ‘सर’ हा किताब मिळाला.

गायनाच्या उत्सवांत परीक्षक म्हणून त्यांस फार मागणी असे. लोकगीतांवरही त्यांचें प्रेम होतें. १९३४ च्या मॉडमध्यें सुवर्णपदक मिळविणाऱ्या मेरी मॅक्निव्हन ह्या गायिकेच्या सन्मानार्थ गेलिकमध्यें एक गीत रचलें गेलें होतें. रॉबर्टन यांनीं त्यास इंग्रजी शब्द दिले, आणि ‘मैरीज वेडिंग’ ह्या नांवानें तें घरोघर पोंचलें.

आपणां ख्रिस्ती वाचकांस त्यांची दुसरी एक कामगिरी अधिक जवळची वाटेल. अॅबर्डीनशायरमधील क्रायमंड ह्या खेड्याचें नांव धारण करणारी एक चाल १८७२ सालीं छापली गेली होती. स्तोत्रसंहितेंतील तेविसावें स्तोत्र त्या चालीवर ऑर्फियस वृंदानें गाइलें आणि तें लोकांच्या तोंडीं बसलें. १९४७ सालीं राजकन्या एलिझाबेथ यांच्या विवाहप्रसंगीं वेस्टमिन्स्टर अॅबेमध्यें तीच चाल गाइली गेली.

परंतु रॉबर्टन यांची खरी परीक्षा गायनाच्या बाहेर झाली. ते युद्धाचे कट्टर विरोधक असून शांततावाद्यांच्या ‘पीस प्लेज युनियन’ ह्या संघाचे सभासद होते. दुसरें महायुद्ध चालू असतां देश बॉम्बच्या वर्षावाखालीं होता. शेजाऱ्यांचीं मुलें रणांगणावर मरत असतां युद्धाविरुद्ध मत बाळगणें म्हणजे लोकांचा रोष ओढवून घेणें होय. अशा वेळीं ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशननें त्यांस व त्यांच्या वृंदास आकाशवाणीची दारें बंद केलीं. येथें एक अवघड गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. शिक्षा एकट्या नायकास झाली नव्हती. मत त्यांचें, पण मुकीं झालीं वृंदांतील सगळीं माणसें. दोन शब्द मागें घेतले असते तर वाट मोकळी झाली असती. रॉबर्टन यांनीं ते घेतले नाहींत. ह्या बंदीविरुद्ध ओरड झाली, प्रश्न पार्लमेंटांत गेला, आणि मार्च १९४१ मध्यें खुद्द पंतप्रधान चर्चिल यांनीं सांगितलें कीं, शांततावादी असल्यानें माणूस बेसूर होतो असें मानण्यास कांहीं कारण नाहीं. बंदी उठली. युद्ध चालविणाऱ्या पुरुषानेंच युद्धविरोधकाचें तोंड मोकळें करावें, ही त्या देशाच्या लौकिकास शोभणारी गोष्ट झाली.

१९५१ सालीं रॉबर्टन यांनीं निवृत्ति पत्करली, आणि त्यांच्याबरोबरच ऑर्फियस वृंदही विसर्जित झाला. आपल्यामागें तें नांव कोणी चालवूं नये, अशी त्यांची इच्छा होती. पन्नास वर्षें जोपासलेलें झाड असें आपल्या हातानें तोडणें मला थोडें कठोर वाटतें. परंतु नांव टिकावें आणि गुण जावा, हें त्यांस सहन झालें नसतें. ७ ऑक्टोबर १९५२ रोजीं ते निवर्तले. जुन्या गायकांपैकीं कित्येकांना मात्र स्वस्थ बसवेना. त्यांनीं मिळून नवा वृंद उभारला आणि राखेंतून पुन्हां उठणाऱ्या पक्ष्यावरून त्याचें नांव ‘फीनिक्स’ ठेविलें.