अपमानाची नोंद ठेवणारा माणूस : डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि मनाचे आरोग्य

झोप लागत नाही, छातीत धडधडते, कशातच मन लागत नाही, अशा तक्रारी घेऊन रुग्ण आला की डॉक्टर रक्तदाब मोजतात, साखर तपासायला सांगतात. शाळेत, कामावर किंवा गावात लोक तुमच्याशी कसे वागतात, हे विचारायचे मात्र बहुधा राहून जाते. सतत वाट्याला येणारा अपमान हाही एक ताण आहे आणि तो शरीरावर व मनावर परिणाम करतो. आज मानसशास्त्र हे अभ्यासातून सांगते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे स्वतः भोगले, त्याचा अभ्यास केला आणि त्यातून कायदा घडवला. म्हणून त्यांचे चरित्र आरोग्याच्या दृष्टीनेही वाचण्यासारखे आहे.

बालपण : तहान आणि गोणपाट

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. वडील रामजी सैन्यात सुभेदार होते. साताऱ्याच्या शाळेत भीमराव इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसत. नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपाई असेल तर तो वरून पाणी ओतणार आणि शिपाई नसेल तर मुलाने तहानलेलेच राहायचे.

1901 च्या सुमारास ते भाऊ आणि भाच्यांसोबत वडिलांकडे निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. मुले महार आहेत हे कळताच गाडीवाल्यांनी नकार दिला. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार झाला, पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार, या अटीवर. जवळ जेवण होते, तरी रात्रभर पाणी मिळाले नाही. पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हा प्रसंग बारकाईने नोंदवला. तक्रार करण्यासाठी ते लिहीत नव्हते. अस्पृश्यता रोजच्या जगण्यात काय करते, हे न अनुभवलेल्या माणसाला कळावे, हा त्यांचा हेतू होता.

जात मनात कशी रुजते?

1913 मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. मे 1916 मध्ये एका परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला आणि 1917 मध्ये तो छापून आला. जात एका गटातून दुसऱ्या गटात कशी पसरली, हे समजावताना त्यांनी फ्रेंच अभ्यासक गाब्रिएल तार्द यांच्या अनुकरणाच्या सिद्धांताचा आधार घेतला. प्रतिष्ठा असलेल्यांचे अनुकरण जवळचे लोक आधी करतात आणि लांबचे नंतर. काही गटांनी आपले दार स्वतः बंद केले, तर काहींना ते आपल्यावर बंद झालेले आढळले, अशी त्यांची मांडणी होती. पंचविशीतल्या या विद्यार्थ्याने जातीचा विचार धर्मग्रंथांपुरता न ठेवता माणसाच्या मनाच्या अंगाने केला होता.

शिक्षणामुळे अपमान थांबला नाही. 1917 मध्ये ते बडोदा संस्थानात नोकरीला लागले. कार्यालयातले शिपाई त्यांच्याकडे फाइली लांबून फेकत. राहायला जागा मिळेना, म्हणून ते पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तिथून बाहेर काढले.

दवाखान्याच्या दारातली जात

त्याच लेखनात त्यांनी काठियावाडातील एका शिक्षकाची हकिकत घेतली आहे. ती 1929 मध्ये 'यंग इंडिया'त छापून आली होती. शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हते. बऱ्याच विनवण्यांनंतर ते वस्तीच्या बाहेर थांबले आणि आजारी बाईला तिथे आणावे लागले. थर्मामीटर आधी एका मुस्लिम माणसाकडे, त्याच्याकडून शिक्षकाकडे, मग पत्नीकडे असा गेला आणि त्याच वाटेने परत आला. तिला न्यूमोनिया होता. डॉक्टर पुन्हा आले नाहीत आणि ती बाई दगावली. औषध आणि डॉक्टर दोन्ही असूनही उपचार मिळत नाहीत, ते असे.

नियम कागदावर, पाणी लांब

बाबासाहेबांनी पुरावा सरकारपुढे ठेवला. मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीपुढे 1919 मध्ये त्यांनी साक्ष दिली. 1928 मध्ये सायमन कमिशनला मुंबई इलाख्यातील दलितांच्या शिक्षणाची स्थिती आकडेवारीसह सादर केली. त्याच वर्षी नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते.

मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचे त्यात होते. प्रत्यक्षात फारसे बदलले नाही. म्हणून 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आणि हजारो लोक पाणी प्यायले. न्यायालयातली लढाई 1937 पर्यंत चालली आणि उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला.

महाडच्या आधी, 1 जानेवारी 1927 रोजी, ते आपल्याच भागात आले होते. शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा गावापासून नदीपलीकडे पेरणे येथे 1818 च्या लढाईचा स्तंभ आहे. त्यावर महार सैनिकांची नावे कोरलेली आहेत. ज्यांना कमी लेखले गेले, त्यांना आपल्या पूर्वजांचा पराक्रम आठवून देणे, हा मनाला उभारी देण्याचाच एक मार्ग होता.

पुढे ते संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. 26 जानेवारी 1950 रोजी संविधान लागू झाले आणि कलम 17 नुसार अस्पृश्यता संपुष्टात आली. त्या वर्षांत त्यांना मधुमेहाचा त्रास होता. 1948 मध्ये त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. त्याच पुढे सविता आंबेडकर म्हणून ओळखल्या गेल्या. 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे निधन झाले.

नंतरच्या संशोधनाने काय दाखवले?

अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने 1940 च्या दशकात मुलांना गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या दाखवल्या. अनेक कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे बेकायदा ठरवताना 1954 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा अभ्यासांचीही दखल घेतली.

उत्तर प्रदेशातील एका गावात कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी दिली. जात जाहीर केली नव्हती, तेव्हा खालच्या मानलेल्या जातींतील मुलांनी इतरांच्या बरोबरीने कोडी सोडवली. सर्वांसमोर जात सांगितल्यावर त्यांची कामगिरी घसरली. म्हणजे मुलांची बुद्धी तीच होती, फक्त परिस्थिती बदलली होती. एका अभ्यासावर धोरण ठरत नाही, पण मुलाला कमी गुण मिळाले तर दोष त्याच्यातच शोधू नये, एवढे यातून नक्की शिकता येते.

रुग्ण आणि नातेवाईकांसाठी

- अपमान, भेदभाव किंवा छळ होत असेल तर डॉक्टरांना ते सांगा. तो तुमच्या आजाराच्या माहितीचाच भाग आहे.
- मूल शाळेत जायला टाळाटाळ करत असेल, गप्प झाले असेल, तर रागावण्याआधी वर्गात काय घडते ते विचारा.
- मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 18 नुसार जात, धर्म, लिंग किंवा आर्थिक वर्गावरून मानसिक उपचारांत भेदभाव करता येत नाही. उपचार केंद्रात त्रुटी आढळल्यास आधी तिथल्या प्रमुख डॉक्टरांकडे आणि समाधान न झाल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तक्रार करता येते.
- काय घडले, केव्हा, कुठे आणि कोणासमोर, हे त्याच दिवशी लिहून ठेवा.
- मन फार खचले असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल तर थांबू नका. टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. जिवाला तातडीचा धोका असेल तर रुग्णाला एकटे सोडू नका, जवळच्या रुग्णालयात न्या.

अपमान सहन करायला शिकणे हा त्यावरचा इलाज नाही. मनाला आधार द्यायलाच हवा, पण अपमान करणारी व्यवस्थाही बदलायला हवी. बाबासाहेबांनी आयुष्यभर ही दोन्ही कामे बरोबरीने केली.