विश्लेषण : शाळेत अव्वल, कॉलेजात नापास; रामानुजन केंब्रिजला कसे पोहोचले?

कुंभकोणमच्या टाऊन हायस्कूलमध्ये श्रीनिवास रामानुजन गणितात अव्वल होते. १९०४ मध्ये शिष्यवृत्तीवर ते तिथल्याच सरकारी कॉलेजात गेले. मात्र पुढे जाण्यासाठी इंग्रजीसह सर्वच विषयांत उत्तीर्ण होणे बंधनकारक होते. गणितापुढे बाकीचे विषय मागे पडले आणि शिष्यवृत्ती गेली. मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजातूनही ते एफए, म्हणजे पदवीआधीची परीक्षा, नापास झाले.

मग दार कसे उघडले?

पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी करताना जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना पत्रातून आपली प्रमेये पाठवली. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने पदवी नसतानाही दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. १९१४ मध्ये ते केंब्रिजला गेले. १९१६ मध्ये तिथे संशोधनावर पदवी मिळाली. एफए मात्र अखेरपर्यंत नापासच राहिली.