सावित्रीबाई खानोलकर

सावित्रीबाई विक्रम खानोलकर, माहेरचे नाव ईव्ह इव्हॉन माडाय दे मारोस (जन्म : २० जुलै १९१३, न्यूशाटेल, स्वित्झर्लंड, मृत्यू : २६ नोव्हेंबर १९९०), या भारतीय चित्रकार व लेखिका आणि परमवीर चक्र या भारताच्या सर्वोच्च युद्धकालीन शौर्यपदकाच्या रचनाकार होत्या. महावीर चक्र, वीर चक्र, अशोक चक्र, कीर्ती चक्र व शौर्य चक्र ही शौर्यपदके आणि १९४७ चे सामान्य सेवा पदक यांचे आरेखनही त्यांच्या नावावर आहे. जन्माने युरोपीय असलेल्या सावित्रीबाईंनी विवाहानंतर भारत हाच आपला देश मानला. संस्कृत ग्रंथ, पुराणकथा आणि महाराष्ट्राची संतपरंपरा यांचा त्यांनी सखोल अभ्यास केला होता. स्वतंत्र भारताच्या सैनिकी सन्मानांना देशी प्रतीके मिळाली ती या अभ्यासातून.

जन्म व बालपण

ईव्ह यांचे वडील आंद्रे दे माडाय हे मूळचे हंगेरीचे होते. ते जिनिव्हा विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते आणि राष्ट्रसंघाच्या ग्रंथालयातही त्यांनी काम केले. आई मार्थ हेन्ट्सेल्ट या रशियन वंशाच्या होत्या व जिनिव्हातील जाँ-जाक रूसो संस्थेत शिकवीत असत. ईव्ह यांचे बालपण जिनिव्हात गेले. घरातील वातावरण विद्याव्यासंगाचे होते आणि वडिलांचा ग्रंथसंग्रह हाताशी होता. वाचनातून त्यांना लहान वयातच भारताविषयी ओढ निर्माण झाली.

विवाह व भारतात आगमन

१९२९ मध्ये विक्रम रामजी खानोलकर हे मराठी तरुण इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथील लष्करी अकादमीत शिक्षण घेत होते. सुटीत ते स्वित्झर्लंडला आले असता ईव्ह यांच्याशी त्यांची ओळख झाली. ईव्ह त्या वेळी सोळा वर्षांच्या होत्या. या परिचयाचे रूपांतर प्रेमात झाले. मुलीने इतक्या दूरच्या देशात जाऊन संसार थाटावा, हे वडिलांना मान्य नव्हते. तरीही ईव्ह आपल्या निश्चयापासून ढळल्या नाहीत. काही वर्षांनी त्या भारतात आल्या आणि १९३२ मध्ये लखनौ येथे त्यांचा विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह झाला. त्यांनी हिंदू धर्म स्वीकारला आणि सावित्री हे नाव घेतले.

त्या काळी सैन्यातील भारतीय अधिकाऱ्यांच्या घरांत इंग्रजी रीतिरिवाजांचे वजन मोठे होते. सावित्रीबाईंनी नेमकी उलट वाट धरली. त्या साडी नेसू लागल्या, शाकाहारी झाल्या आणि मराठी, हिंदी व संस्कृत या भाषा शिकल्या. भारतीय संगीत, नृत्य व चित्रकला यांचेही शिक्षण त्यांनी घेतले. वेद, उपनिषदे आणि पुराणे यांचे वाचन त्यांनी इतक्या चिकाटीने केले की, पतीच्या सहकाऱ्यांमध्ये त्या या विषयांच्या जाणकार म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. विक्रम खानोलकर हे शीख रेजिमेंटचे अधिकारी होते व पुढे मेजर जनरल या पदापर्यंत पोहोचले.

नव्या शौर्यपदकांची गरज

स्वातंत्र्यापूर्वी भारतीय सैनिकांना ब्रिटिश राजसत्तेची पदके दिली जात. त्यांपैकी सर्वोच्च असलेल्या व्हिक्टोरिया क्रॉसची स्थापना १८५६ मध्ये झाली, पण भारतीय सैनिक त्यासाठी पात्र ठरले ते १९११ पासून. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर मराठा पलटणींतील यशवंत घाडगे (१९४४, मरणोत्तर) व नामदेव जाधव (१९४५) यांनी हे पदक मिळवले. मात्र या पदकावरील चिन्हे ब्रिटिश राजसत्तेची होती. कांस्याच्या क्रॉसवर राजमुकुट आणि त्या मुकुटावर उभा असलेला सिंह, असे त्याचे स्वरूप आहे.

१५ ऑगस्ट १९४७ नंतर हे पदक भारतीय सैनिकांना देत राहणे स्वतंत्र राष्ट्राच्या दृष्टीने विसंगत ठरले असते. त्यातच ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरमध्ये युद्ध सुरू झाले. सैनिक प्राण देत होते, परंतु त्यांच्या शौर्याचा गौरव करण्यासाठी देशाजवळ स्वतःचे पदक नव्हते. नव्या पदकांची नावे व स्वरूप ठरवण्याचे काम लष्कराचे ॲडजुटंट जनरल मेजर जनरल हीरालाल अटल यांच्याकडे सोपवण्यात आले. या पदकांत भारतीय परंपरेचे प्रतिबिंब दिसावे, अशी त्यांची इच्छा होती. खानोलकर दांपत्य त्यांच्या परिचयाचे होते. सावित्रीबाईंचा पुराणांचा अभ्यास आणि चित्रकलेतील गती ठाऊक असल्याने त्यांनी आरेखनासाठी सावित्रीबाईंचे साहाय्य घेतले.

परमवीर चक्राची रचना

सर्वोच्च त्यागाचे प्रतीक म्हणून सावित्रीबाईंनी इंद्राच्या वज्राची निवड केली. पुराणकथेनुसार वृत्रासुराचा वध कोणत्याही ज्ञात शस्त्राने होऊ शकत नव्हता. तेव्हा देवांनी दधीची ऋषींकडे त्यांच्या अस्थींची याचना केली. दधीचींनी स्वेच्छेने देहत्याग केला, त्यांच्या अस्थींपासून वज्र घडवण्यात आले आणि इंद्राने त्या वज्राने वृत्राचा नाश केला. या कथेतील शस्त्र इंद्राच्या हाती असले, तरी त्याचे सामर्थ्य एका ऋषीच्या आत्मदानातून आलेले आहे. शत्रूवर मिळवलेल्या विजयापेक्षा इतरांच्या रक्षणासाठी केलेले देहदान श्रेष्ठ, हा अर्थ या प्रतीकामुळे पदकाला प्राप्त झाला.

परमवीर चक्र हे कांस्याचे वर्तुळाकार पदक असून त्याचा व्यास १ ३/८ इंच, म्हणजे सुमारे ३.५ सेंटिमीटर आहे. दर्शनी बाजूच्या मध्यभागी अशोकस्तंभावरील सिंहांची राजमुद्रा असून तिच्याभोवती वज्राच्या चार उठावदार प्रतिकृती आहेत. मागील बाजूस परमवीर चक्र ही अक्षरे हिंदी व इंग्रजीत कडेने कोरलेली असून त्यांच्यामध्ये दोन कमळे आहेत. पदक फिरत्या पट्टीला अडकवलेले असते आणि सुमारे ३२ मिलिमीटर रुंदीच्या साध्या जांभळ्या फितीने छातीच्या डाव्या बाजूला लावले जाते. पदकाऐवजी केवळ फीत लावायची असते, तेव्हा तिच्यावर वज्राची छोटी प्रतिकृती बसवतात. एकाच व्यक्तीला हे पदक पुन्हा मिळाल्यास फितीवर पट्टी जोडण्याची आणि प्रत्येक पट्टीसाठी वज्राची आणखी एक प्रतिकृती लावण्याची तरतूद आहे. अशी दुहेरी नोंद आजवर कोणाच्याही नावावर नाही. गणवेशावर पदके ठरावीक श्रेष्ठताक्रमानेच लावली जातात. या क्रमात परमवीर चक्राचे स्थान भारतरत्नानंतर लगेच येते.

सर्वोच्च पदक असूनही त्यासाठी सोने किंवा चांदी वापरलेली नाही. परमवीर चक्र कांस्याचे, तर त्याखालील महावीर चक्र आणि वीर चक्र ही चांदीची आहेत. पदकाचे मोल धातूवर अवलंबून नसते, ही कल्पना व्हिक्टोरिया क्रॉसमध्येही होती. ती येथे कायम राहिली. राजमुकुट आणि त्यावरील सिंह यांच्या जागी मात्र अशोककालीन सिंह व दधीचींचे वज्र आले.

अन्य पदके

महावीर चक्रावर कडेला टेकणारी टोके असलेला पंचकोनी तारा आणि मध्यभागी मुलामा दिलेली राजमुद्रा आहे. त्याची फीत अर्धी पांढरी व अर्धी नारिंगी असते. वीर चक्रावरही पंचकोनी तारा असून त्याच्या मध्यभागी चक्र व त्यात राजमुद्रा आहे. त्याची फीत अर्धी गडद निळी व अर्धी नारिंगी असते.

रणभूमीबाहेरील शौर्यासाठी ४ जानेवारी १९५२ रोजी अशोक चक्राच्या तीन श्रेणी स्थापन झाल्या. १९६७ मध्ये त्यांना अनुक्रमे अशोक चक्र, कीर्ती चक्र व शौर्य चक्र अशी नावे देण्यात आली. तिन्ही पदकांच्या मध्यभागी अशोकचक्र व त्याभोवती कमळांची माळ आहे. अशोक चक्र सोनेरी मुलाम्याचे, कीर्ती चक्र चांदीचे आणि शौर्य चक्र कांस्याचे असते. तिन्हींच्या फिती हिरव्या असून त्यांवर अनुक्रमे एक, दोन व तीन नारिंगी उभ्या रेघा असतात. त्यामुळे दुरूनही पदकाची श्रेणी ओळखता येते.

१९४७ चे सामान्य सेवा पदक हे विशिष्ट मोहिमांत भाग घेणाऱ्या सैनिकांसाठी होते आणि ते १९६५ पर्यंत वापरात राहिले. त्याच्या दर्शनी बाजूस छत्रपती शिवाजी महाराजांची भवानी तलवार तेजोवलयासह, टोक वर करून दाखवलेली आहे. मागील बाजूस कमळ आहे. परमवीर चक्रावरही भवानी तलवार असल्याचे काही लेखनात आढळते. त्या पदकाच्या अधिकृत वर्णनात मात्र राजमुद्रा व चार वज्रे यांचाच उल्लेख आहे.

पदकांची स्थापना व पहिले मानकरी

२६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला. त्याच दिवशी राष्ट्रपतींनी परमवीर चक्र, महावीर चक्र व वीर चक्र यांची स्थापना केली. ही स्थापना १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानण्यात आली. त्यामुळे काश्मीर युद्धातील सैनिकांचा गौरव करणे शक्य झाले. भूदल, नौदल व वायुदलातील सर्व हुद्द्यांच्या स्त्री-पुरुषांना, तसेच सैन्याबरोबर काम करणाऱ्या परिचारिकांनाही हे सन्मान खुले ठेवण्यात आले.

परमवीर चक्राचे पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा हे कुमाऊँ रेजिमेंटच्या चौथ्या पलटणीचे अधिकारी होते. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगरजवळील बडगाम येथे त्यांच्या तुकडीवर संख्येने कितीतरी अधिक असलेल्या हल्लेखोरांनी चाल केली. बडगाम पडले असते तर श्रीनगरच्या विमानतळाला धोका निर्माण झाला असता. डावा हात प्लास्टरमध्ये असतानाही शर्मा आघाडीवर राहून लढले आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. ते सावित्रीबाईंच्या थोरल्या कन्येच्या पतीचे थोरले बंधू होते. सावित्रीबाईंनी रेखाटलेले पहिले परमवीर चक्र अशा रीतीने मरणोत्तर त्यांच्याच नात्यातील सैनिकाला मिळाले.

जिवंतपणी हा सन्मान प्रथम मिळवणारे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे हे कारवार भागातील होते. खडकी येथे मुख्यालय असलेल्या बॉम्बे सॅपर्समधून ते सेनेत आले होते. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी या मार्गावरील सुरुंग व अडथळे त्यांनी शत्रूच्या गोळीबारात दूर केले आणि रणगाड्यांना वाट मोकळी करून दिली.

उत्तरायुष्य

१९५२ मध्ये मेजर जनरल विक्रम खानोलकर यांचे निधन झाले. सावित्रीबाई त्या वेळी चाळिशीच्याही आत होत्या. ज्या व्यक्तीसाठी त्यांनी देश सोडला होता, तीच राहिली नाही. तरीही त्या स्वित्झर्लंडला परतल्या नाहीत. पुढील आयुष्य त्यांनी भारतातच अध्यात्मसाधना, लेखन व समाजकार्य यांत घालवले. रामकृष्ण मिशनशी त्यांचा निकटचा संबंध होता. युद्धात प्राण गमावलेल्या सैनिकांच्या कुटुंबांसाठी आणि फाळणीमुळे विस्थापित झालेल्या लोकांसाठी त्यांनी काम केले.

महाराष्ट्रातील संतांची ओळख करून देणारे सेंट्स ऑफ महाराष्ट्र हे इंग्रजी पुस्तक त्यांनी लिहिले. ते भारतीय विद्या भवनाने प्रकाशित केले. मराठी न येणाऱ्या वाचकांपर्यंत वारकरी व अन्य संतांची चरित्रे पोहोचवण्याचे काम या पुस्तकाने केले. संस्कृत नावांचा कोशही त्यांनी तयार केला. २६ नोव्हेंबर १९९० रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा

आजवर २१ जणांना परमवीर चक्र प्रदान करण्यात आले असून त्यांपैकी १४ जणांना ते मरणोत्तर मिळाले आहे. मानकऱ्यांपैकी २० जण भूदलातील आहेत. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों (१९७१) हे वायुदलातील एकमेव मानकरी आहेत. नवी दिल्लीतील राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या परमयोद्धा स्थळावर या सर्वांचे अर्धपुतळे उभारलेले आहेत. २०२३ मध्ये अंदमान व निकोबार द्वीपसमूहातील २१ बेटांना त्यांची नावे देण्यात आली.

पदकावर रचनाकाराचे नाव नसते. त्यामुळे ज्यांच्या छातीवर ही चिन्हे लागली त्यांची नावे सर्वज्ञात झाली, पण चिन्हे रेखाटणाऱ्या सावित्रीबाईंचा परिचय बराच काळ सैन्याशी संबंधित वर्तुळापुरता मर्यादित राहिला. स्थापनेनंतर सात दशके उलटून गेली, तरी परमवीर चक्राचे वज्र, राजमुद्रा व जांभळी फीत यांत बदल झालेला नाही.