रंगांचे जाणकार त्रिभुवनदास गज्जर

गेल्या वर्धापनदिनाला सर्वांनी एकाच रंगाचे पातळ नेसावे असे आपल्या मंडळात ठरले होते, ते भगिनींना आठवत असेलच. नवे घेणे सर्वांना झेपणारे नव्हते. म्हणून मीच सुचवले की, वापरलेली, विटलेली सुती पातळे बाजारातून स्वस्तात आणू आणि घरीच निळी रंगवू. नऊ पातळे छान उतरली. दहावे मात्र उकळत्या पातेल्यातून जसे घातले तसेच फिकट बाहेर आले. ते माझ्या शेजारणीचे होते. ती काही बोलली नाही, पण कार्यक्रमासही आली नाही. मला फार लागले. दुकानदाराने सुती म्हणून दिलेले पातळ पॉलिएस्टरचे होते, आणि आपल्या नेहमीच्या रंगाच्या पुडीला पॉलिएस्टर दाद देत नाही, हे मला नंतर समजले.

तेव्हापासून रंगांविषयी मिळेल ते मी वाचू लागले. त्यातच प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांची ओळख झाली.

ते मूळचे सुरतेचे, जन्म १८६३ चा. घराणे सुतारकाम करणारांचे, त्यामुळे लहानपणीच हातात हत्यार आले. मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात ते रसायन शिकले. एवढी विद्या मिळवून कोणीही सुखाची नोकरी धरली असती. यांच्या मनात मात्र कारागीर होता. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० मध्ये कलाभवन निघाले, ते गज्जरांच्या खटपटीने. तेथे रंगकाम हा रीतसर विषय होता. चित्रपट काढणारे आपले दादासाहेब फाळकेही याच कलाभवनात शिकले. रंगारी, सुतार यांना शास्त्र शिकवायचे तर ते त्यांच्या मातृभाषेतच शिकवले पाहिजे, हा गज्जरांचा आग्रह होता. सातवीपर्यंतच शिकलेल्या मला ही गोष्ट त्यांच्या बाकीच्या साऱ्या कर्तृत्वाहून मोठी वाटते. माझ्या रंगाच्या पुडीवरची सूचना कोणी मला कळेल अशा भाषेत छापली असती तर शेजारणीचे पातळ फुकट गेले नसते!

१८९६ मध्ये ते मुंबईस विल्सन कॉलेजात रसायनाचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात चापेकर बंधूंनी फोर्टातील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले. संगमरवर डांबर पिऊन बसला, तो कोणाच्याने निघेना. अखेर ते काम गज्जरांनी केले आणि दगडाला धक्का न लावता पुतळा पुन्हा पांढरा झाला. यावरून आमच्या घरी चांगलाच वाद झाला. चापेकरांचे नाव आपण आदराने घ्यायचे आणि त्यांनी फासलेले डांबर पुसणाऱ्याचे कौतुकही करायचे, हे कसे जमावे? मलाही ते नीटसे जमलेले नाही. पण डाग काढण्याच्या विद्येपुढे माझी मान आपोआप लवते.

पिवळ्या पडलेल्या जुन्या मोत्यांना पाणी आणण्याची रीतही त्यांनी शोधली होती. १९०७ मध्ये अलेम्बिक हा औषधांचा कारखाना निघाला, त्याच्या उभारणीत आपले शिष्य कोटीभास्कर आणि अमीन यांच्याबरोबर गज्जरही होते. १९२० मध्ये ते वारले.

आता माझ्या पातेल्याकडे येते. जुने पातळ आणले की आधी काठाचा एक धागा काढून जाळून पाहावा. सुती असेल तर कागदासारखा जळून राख होते. पॉलिएस्टर असेल तर वितळून त्याचा कडक मणी होतो. मग गरम पाण्यात साबणाने धुऊन खळ पुरती काढावी, नाहीतर रंगाचे डाग राहतात. रंगाच्या पाण्यात मीठ घालावे. मिठाने रंग पाणी सोडून सुताकडे जातो. पातेले मोठे हवे आणि पातळ सारखे हलवीत राहावे. हात भरून येतो, पण इलाज नाही. शिवाय जुना रंग कोठे जात नाही, तो नव्यात मिसळतो. पिवळ्यावर निळा चढवला तर हिरवेच होणार.

यंदा शेजारणीला मी स्वतः बरोबर घेऊन गेले. दुकानाबाहेरच धागा जाळून पाहिला, तेव्हा दुकानदार आमच्याकडे बघतच राहिला. तिने पिवळे पातळ पसंत केले. पुढे काय होणार ते मी तिला आधीच सांगितले होते, तरी तिला तेच हवे होते. काल आम्ही दोघींनी ते रंगवले. आज सकाळी ते तिच्या दारातल्या दोरीवर वाळत होते, चांगले गर्द हिरवे. फॉलची टीप तेवढी पांढरीच राहिली आहे, कारण तो दोरा पॉलिएस्टरचा. धाग्याच्या टोकाशी काडी नेली, पण टीप तपासायचे मात्र दोघींच्याही ध्यानात आले नाही.