आद्य चरित्रकार म्हाइंभट : मानणे आणि जाणणे

साधकाच्या मुखी दोन क्रियापदे नित्य वावरत असतात : मी मानतो आणि मी जाणतो. व्यवहारात एकाच्या जागी दुसरे वापरल्याने फारसे बिघडत नाही. परमार्थात मात्र बिघडते. जो प्रामाणिकपणे मानतो, त्याचा शोध चालू राहतो. जो न जाणताच जाणतो असे म्हणतो, त्याचा शोध तेथेच खुंटतो. हा भेद ज्यांच्या चरित्रात स्वच्छ पाहावयास मिळतो, ते लीळाचरित्रकार पंडित म्हाइंभट होत.

प्रथम एक दृष्टांत घेऊ. आंबेगाव तालुक्यातील कळंब हे गाव घोड नदीच्या काठी वसले आहे. वर डिंभे येथे धरण आहे. पावसाळ्यात कोणी येऊन सांगतो की, धरणाचे पाणी सोडले. ते ऐकून शेतकरी काठावरची मोटार वर ओढून घेतो. त्याने पाणी पाहिलेले नाही. त्याने मानले आहे, आणि मानून योग्य तेच केले आहे. दुसरा शेतकरी मोटार ओढता ओढता सांगणाऱ्यास विचारतो की, हे तू स्वतः पाहिलेस की कोणाकडून ऐकलेस? तिसरा स्वतः डिंभ्याहून आलेला आहे व त्याने सुटलेले पाणी डोळ्यांनी पाहिले आहे. दार्ष्टांतिक असे : पहिला श्रद्धावान, तिसरा ज्ञाता आणि मधला शोधक. म्हाइंभट हे मधल्या पुरुषाचे नाव होय.

म्हाइंभट मूळचे सराळ्याचे. घरची संपन्नता होती आणि मीमांसेतील प्रभाकरमताचा व्यासंग होता. वादात समोरचा पंडित निरुत्तर झाला की आपले ज्ञान सिद्ध झाले, अशी त्या काळच्या पंडितवर्गाची समजूत होती, आणि म्हाइंभट तिला अपवाद नव्हते. वस्तुतः त्यांच्यापाशी होते ते शब्दज्ञान. ग्रंथकाराने जे प्रतिपादिले ते त्यांनी मानले होते आणि उत्तम रीतीने मांडता येत होते. मांडता येते म्हणूनच ते आपण जाणतो असे त्यांस वाटे.

याच अभिमानाने ते गोदातीरी डोमेग्रामी, म्हणजे आजच्या कमालपुरी, सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींशी वाद करण्यास आले. त्या भेटीत त्यांचा अभिमान गळाला. ज्या मोक्षाचे निरूपण आपण करतो त्याची प्राप्ती आपणांस नाही, ही जाणीव त्यांस झाली. तथापि त्यांनी तत्काळ अनुसरण घेतले नाही, ही गोष्ट साधकांनी विशेष लक्षात ठेवावी. स्वामींचे थोरपण बुद्धीला पटले होते. पटलेले आचरणात उतरण्यास मात्र काळ जावा लागला. शके ११९६ च्या सुमारास (इ.स. १२७४) स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. त्यानंतर म्हाइंभट आचार्य श्रीनागदेवांच्या आश्रयाने पंथात आले आणि रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानात राहिले.

रिद्धपुरी असताना भटोबासांचे अखंड लीळास्मरण त्यांनी पाहिले. ज्यांनी स्वामींस डोळ्यांनी पाहिले ती माणसे आज ना उद्या जाणार. त्यांच्याबरोबर त्यांचे जाणणेही जाईल आणि मागे केवळ मानणे उरेल, हे या पंडिताने ओळखले. भटोबासांकडून त्यांनी लीळा श्रवण केल्या. ज्या ज्या भक्तांस स्वामींचे सन्निधान घडले होते, त्यांना गाठून त्यांनी विचारणा केली. जो एके काळी वादासाठी हिंडत होता, तो आता ऐकण्यासाठी हिंडू लागला. शके १२०० च्या सुमारास (इ.स. १२७८) लीळाचरित्र आकारास आले.

या ग्रंथाच्या विभागणीतही जाणण्याची मर्यादा पाळलेली दिसते. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे त्याचे तीन भाग आहेत. पूर्वार्ध-उत्तरार्धातील लीळांच्या वेळी भक्तजन सन्निध होते. एकांकातील काळात मात्र स्वामी एकाकी परिभ्रमण करीत होते. तेव्हाचा कोणी साक्षी नाही. म्हणून त्या लीळांस आधार आहे तो स्वामींनी पुढे भक्तांस जे प्रसंगपरत्वे सांगितले त्याचाच.

दोन सांगणाऱ्यांत भेद पडला तर काय करावे? एकाचे गाळून दुसऱ्याचे ठेवणे सोपे होते. आपल्या परंपरेने तसे केले नाही. भिन्न पाठ वासना म्हणून नोंदविण्याची आणि शोध देण्याची आपली रीत आहे. जेथे निश्चय नाही तेथे निश्चयाचा आव आणावयाचा नाही, हाच त्या रीतीचा अर्थ. त्याच सत्यनिष्ठेने शिष्यांच्या उणिवाही चरित्रात राहिल्या. खुद्द म्हाइंभटांच्या पंडिताभिमानाची कथाही राहिली.

श्रीगोविंदप्रभूंच्या प्रयाणानंतर त्यांनी ऋद्धिपुरचरित्र सिद्ध केले. येथे ते स्वतःही काही प्रसंगांचे साक्षी होते. परंतु श्रीप्रभूंचे दीर्घ चरित्र एका माणसाच्या दृष्टीत मावणारे नव्हते. म्हणून येथेही इतरांच्या आठवणींस त्यांनी स्थान दिले. पुढे केशिराजबासांनी लीळाचरित्रातील स्वामींची वचने वेचून सूत्रपाठ सिद्ध केला. परचक्राच्या धाडीत लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली, तेव्हा ज्यांच्या मुखी लीळा होत्या त्यांच्याकडून ती पुन्हा लिहून काढण्यात आली. पोथी गेली तरी शोधाची शिस्त गेली नव्हती.

आता आपल्याविषयी. आपण लीळा वाचतो तेव्हा भटोबासांनी जाणले तसे जाणत नाही. आपण म्हाइंभटांचे मानतो. यात कमीपणा नाही. आपले मानणे आंधळे नाही, कारण त्यामागे कोणी पाहिले, कोणी सांगितले, कोणी लिहिले ही परंपरा उभी आहे. परंतु सूत्र कंठस्थ झाले म्हणून ते जाणले असे समजून जो निरूपणास बसतो, तो डोमेग्रामी येण्यापूर्वीचा म्हाइंभट होय. त्याने श्रोत्यांस फसविण्याआधी स्वतःस फसविलेले असते. भिक्षूने काय आणि वासनिकाने काय, नित्य एवढे तरी पडताळावे की, आज आपण बोललो त्यातले ऐकलेले किती आणि आचरून उमगलेले किती. ऐकलेल्यास ऐकलेले म्हणण्याची लाज वाटू नये. श्रद्धा दारापर्यंत आणते; आत प्रवेश घडतो तो आचरणाने आणि परमेश्वरकृपेने. म्हाइंभट पंडित म्हणून दारापर्यंत आले, आणि शोधक होऊन आत गेले.