बंदूक ठेवून कॅमेरा उचलणारा शिकारी : जिम कॉर्बेट

ऊसतोडणी सुरू झाली की अकोले, संगमनेर, राहुरी भागात बिबट्या दिसल्याची बातमी येते. फडाभोवती शे-दोनशे माणूस गोळा होतं आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईलचा कॅमेरा. अशा वेळी जिम कॉर्बेट या नामांकित शिकाऱ्याचं चरित्र आठवतं.

कॉर्बेट यांचा जन्म 25 जुलै 1875 चा, नैनितालचा. वडील तिथे पोस्टमास्तर. ते लवकर वारले, घरात भावंडं पुष्कळ, म्हणून पोरसवदा वयातच जिमला रेल्वेची नोकरी धरावी लागली. पुढं बिहारमधल्या मोकामा घाटावर मालाच्या चढउताराचा ठेका घेऊन त्यांनी वीसेक वर्षं काढली. जंगलाचं ज्ञान मात्र लहानपणीच कालाढुंगीच्या रानात मिळालेलं. पाऊलखुणा आणि जनावरांचे आवाज त्यांना तोंडपाठ होते.

1907 साली त्यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिनं नेपाळ आणि कुमाऊँ मिळून 436 माणसं मारल्याची नोंद आहे. त्या कामाला जाण्याआधी त्यांनी सरकारला दोन अटी घातल्या होत्या : जाहीर केलेलं बक्षीस रद्द करायचं आणि बाकीचे शिकारी रानातून काढून घ्यायचे. गर्दी असली की जनावर बिथरतं आणि माणसं जातात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वाघीण मेल्यावर पाहिलं तर जुन्या गोळीनं तिचे सुळे तुटलेले. नेहमीची शिकार जमेना म्हणून ती माणसावर आली होती. रुद्रप्रयागच्या बिबट्यानं 1918 ते 1926 या काळात सरकारी नोंदीप्रमाणे 125 बळी घेतले. केदारनाथ-बद्रीनाथची वाट रात्री ओस पडायची. 1926 च्या मे महिन्यात कॉर्बेट यांनी तोही मारला.

एवढा नेमबाज माणूस, पण हौसेच्या शिकारीवरून त्याचं मन उडालं. वनाधिकारी चॅम्पियन यांनी काढलेले वाघांचे फोटो पाहून त्यांनी सिने कॅमेरा घेतला. कॅमेऱ्याची घरघर ऐकली की वाघ पळायचा. मग त्यांनी एका ओढ्याला ठिकठिकाणी छोटे बांध घातले. पाण्याच्या खळखळाटात यंत्राचा आवाज बुडाला. कित्येक महिने चिकाटीनं बसून त्यांनी तिथे सात वाघांचं चित्रण केलं. जनावराचा पाठलाग नाही की आरडाओरडा नाही.

शेतीशीही त्यांचं नातं होतं, बरं का. कालाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी हे गाव त्यांनी वसवलं. रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून गावाभोवती दगडी भिंत घातली. 1936 साली झालेल्या हेली राष्ट्रीय उद्यानासाठी त्यांनी खटपट केली. 1947 च्या अखेरीस ते बहिणीबरोबर केनियाला गेले आणि 19 एप्रिल 1955 रोजी न्येरी इथं वारले. पुढं त्या उद्यानाला त्यांचंच नाव दिलं गेलं. 1973 चा व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तोही तिथूनच.

आता आपल्या गावाचं बघू. बिबट्यामुळे शेतकऱ्याचं नुकसान होतं, माणसं दगावतात, रात्री पाणी भरायला जाताना जीव मुठीत धरावा लागतो. हे कुणी नाकारत नाही. पण फडाला वेढा घालून चित्रण करण्यानं ते संकट वाढतं. घेरलेला बिबट्या वाट काढायला माणसाच्याच अंगावर येतो आणि जखमी होऊन सुटला तर पुढं जास्त धोक्याचा ठरतो. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक यांनी आधी गर्दी हटवावी, पळायची एक बाजू मोकळी ठेवावी आणि वनखात्याला किंवा 1926 या क्रमांकावर कळवावं. तोडणीत बछडी सापडली तर उचलू नयेत, त्या बाजूची तोडणी थांबवावी. आई बहुधा रात्री येऊन घेऊन जाते. जनावर मारलं गेलं तर जागेवरून न हलवता पंचनामा करून घ्यावा.

आणखी एक गोष्ट तरुण पोरांसाठी. ससा, हरीण, रानडुक्कर यांची शिकार करून तिचं चित्रण मोबाईलवर फिरवायची खोड काही ठिकाणी दिसते. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे विनापरवाना शिकार हा गुन्हा आहे आणि तो व्हिडिओच तुमच्याविरुद्धचा पुरावा होतो. कॅमेरा हाती घ्यायचाच तर कॉर्बेटसारखा, लांबून आणि गुपचूप घ्यावा.