टॉमस योहान सीबेक

शास्त्रज्ञांचीं चरित्रें वाचतांना शोधकाला सत्य गवसलें व जगानें तें मानलें, एवढीच हकीकत बहुधा आपल्या वाट्यास येते. आज ज्या पुरुषाचा परिचय करून द्यावयाचा आहे त्याची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यानें जें पाहिलें तें अगदीं खरें होतें. परंतु त्याचा जो अर्थ त्यानें लावला तो चुकीचा होता, आणि तो अर्थ त्यानें सोडला नाहीं.

टॉमस योहान सीबेक याचा जन्म ९ एप्रिल १७७० रोजीं रेव्हाल या बंदरीं झाला. बाल्टिक समुद्राकांठचें हें शहर त्या वेळीं रशियन साम्राज्यांत होतें. आज तें टालिन या नांवानें एस्तोनियाची राजधानी आहे. घराणें जर्मन व्यापाऱ्यांचें व सधन होतें. बर्लिन व गॉटिंगेन येथें त्यानें वैद्यकाचा अभ्यास केला आणि १८०२ सालीं गॉटिंगेन विद्यापीठाची वैद्यकाची पदवी मिळविली. परंतु रोग्याच्या नाडीपेक्षां पदार्थांचे गुणधर्म तपासण्याकडे त्याचा ओढा अधिक. घरची सुबत्ता असल्यामुळें पोटाची चिंता नव्हती. दवाखाना थाटण्याऐवजीं तो येना या गांवीं जाऊन राहिला व प्रयोगांत गढून गेला. अशी मोकळीक फार थोड्यांच्या नशिबीं असते, आणि ज्यांना ती लाभते त्यांतील पुष्कळजण तिचें कांहींच करीत नाहींत.

येना हें त्या काळीं विद्वानांचें माहेरघर होतें. कविश्रेष्ठ गटे आणि तत्त्वज्ञ हेगेल व शेलिंग यांच्याशीं सीबेकचा परिचय तेथेंच झाला. गटेला रंगांच्या शास्त्राचा मोठा छंद. त्याच्या सहवासांत सीबेकहि प्रकाशाचे प्रयोग करूं लागला. लोलकांतून पडलेला सप्तरंगी पट्टा त्यानें सिल्व्हर क्लोराइड या क्षारावर पाडला, तेव्हां तो क्षार निरनिराळ्या ठिकाणीं जवळजवळ पडलेल्या प्रकाशाचाच रंग धारण करितो असें त्याला आढळलें. हा प्रयोग १८१० सालीं प्रसिद्ध झाला. ते रंग टिकविण्याची युक्ति मात्र त्याला साधली नाहीं. रंगीत छायाचित्राच्या इतिहासांत त्याचें नांव येतें तें या प्रयोगामुळें.

१८१८ च्या सुमारास सीबेक बर्लिनला आला व तेथील विज्ञान अकादमीचा सभासद म्हणून काम करूं लागला. थोड्याच दिवसांत, १८२० सालीं, डेन्मार्कच्या ओर्स्टेडनें विद्युत्प्रवाहाजवळ चुंबकसूची वळते हें दाखवून सर्व युरोपला चकित केलें. त्या काळीं वीज मिळावयाची ती व्होल्टाच्या घटांतून, म्हणजे दोन धातूंच्या मध्यें ओला पदार्थ घालून. ओला पदार्थ अजिबात न घालतां नुसत्या दोन धातूंनींच सूची हलेल काय, असा प्रश्न सीबेकनें स्वतःस घातला. १८२१ सालीं त्यानें तांबें व बिस्मथ यांच्या पट्ट्या दोन्ही टोकांस जोडून एक बंद वेटोळें केलें व आंत चुंबकसूची ठेविली. एक सांधा हातानें दाबून धरतांच सूची हलली.

माझ्या वर्गांतील मुलें असतीं तर कांटा हलला एवढें वहींत लिहून मोकळीं झालीं असतीं! सीबेकला मात्र शंका आली. हातानें नेमकें काय केलें? हाताचा ओलावा कारण कीं हाताची ऊब? म्हणून त्यानें हात दूर ठेवून सांधा दिव्यानें तापवून पाहिला, नंतर थंड करून पाहिला. ओलावा नसतांहि सूची हलली, आणि दोन सांध्यांच्या उष्णतामानांतील अंतर जसजसें वाढे तसतशी ती अधिक वळे. दोन्ही सांधे सारखेच उष्ण असले म्हणजे ती स्वस्थ राही. यावरून कारण ऊब, आणि तीहि एका बाजूस कमी व दुसऱ्या बाजूस अधिक असलेली, हें ठरलें.

येथवर सर्व निर्दोष. यापुढें त्याची वाट चुकली. सूची हलते म्हणजे चुंबकत्व उत्पन्न झालें, असें त्यानें मानलें. उष्णतेच्या भेदानें धातूंना चुंबकत्व येतें, आणि पृथ्वीचें चुंबकत्वहि असल्याच कारणानें आलेलें असावें, असा त्याचा तर्क. वस्तुतः वेटोळ्यांतून वीज वाहत होती व सूचीला वळवीत होती ती वीज. ओर्स्टेडनें हें ओळखलें व या प्रकाराला उष्णता-विद्युत् हें नांव सुचविलें. सीबेकला तें नांव मुळींच मान्य झालें नाहीं. १० डिसेंबर १८३१ रोजीं बर्लिन येथें त्याचें देहावसान झालें.

त्याचा सिद्धान्त मागें पडला, पण त्याची यादी टिकली. धातू, मिश्रधातू आणि खनिजें मिळून कितीतरी पदार्थ त्यानें चिकाटीनें तपासले व सूचीवरील परिणामाप्रमाणें ओळीनें मांडले. एका टोकाकडे बिस्मथ, दुसऱ्या टोकाकडे अँटिमनी व टेल्युरियम. बिस्मथ व अँटिमनी यांच्या जोडींतहि दर अंशामागें व्होल्टचा सुमारें दहा हजारावा भाग एवढाच दाब मिळतो. परंतु तो दाब स्थिर असतो, आणि त्या स्थिरपणामुळेंच १८२६ सालीं ओम यानें आपला प्रसिद्ध नियम बिस्मथ-तांब्याच्या जोडीवर सिद्ध केला. एक सांधा उकळत्या पाण्यांत, दुसरा बर्फांत. पुढें रशियन शास्त्रज्ञ योफे यानें हिशेब करून दाखविलें कीं, सीबेकच्या यादींतील उत्तम पदार्थांची जोडी घेतली असती तर उष्णतेचा सुमारें शेंकडा ३ भाग विजेंत आणतां आला असता. त्या वेळच्या वाफेच्या यंत्राची मजल याहून फारशी अधिक नव्हती. पण सीबेक वीज शोधीतच नव्हता!

यादीच्या दोन टोकांकडील बिस्मथ व टेल्युरियम यांचेंच संयुग १९५४ सालापासून या कामीं श्रेष्ठ ठरलें. अडचण एवढीच कीं, पदार्थानें वीज सहज वाहूं द्यावी पण उष्णता अडवावी, आणि हे दोन गुण एकत्र क्वचितच नांदतात. म्हणून रसायनशास्त्रज्ञ आतां द्रावणांतून अतिसूक्ष्म कण तयार करून ते दाबून एकजीव करितात. हे कण नॅनोमीटरांत, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागांत मोजावयाचे. कणांच्या असंख्य सीमांवर उष्णता अडखळते, वीज त्या मानानें कमी. २००८ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं बिस्मथ, अँटिमनी व टेल्युरियम यांच्या मिश्रणाची बारीक भुकटी करून ती तापवून दाबली, तेव्हां त्याचा गुणांक सुमारें १ वरून १.४ वर गेला.

१९७७ सालीं सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांना सूर्यापासून दूर अंधारांत चाळीस वर्षांहून अधिक काळ वीज मिळाली ती अशाच तापलेल्या व थंड सांध्यांतून. तेथें धातूंऐवजीं सिलिकॉन व जर्मेनियम यांचें मिश्रण वापरलेलें आहे. आणि दर अंशामागें किती वीजदाब मिळतो हें सांगणाऱ्या मापाला शास्त्रज्ञांनीं नांव दिलें आहे सीबेकचेंच.